नहीं-दिखा साहब

काकांनी कुठल्याही प्रश्नाला सरळ ‘नाही’ असं उत्तर दिलेलं मी नऊ वर्षांत एकदाच ऐकलं, आणि नेमकं त्या दिवशी मला ते नको होतं. एरवी त्यांचं उत्तर ठरलेलं. जमिनीखाली पाइप आहे का? दिसला नाही. केबल? दिसली नाही. फरीदाबादच्या आमच्या ऑफिसात चहावाला येऊन गेला का? ‘मला दिसला नाही.’ अहो, आला की नाही ते सांगा ना! पण ते सांगतील तर शपथ. आमच्याकडचे मजूर त्यांना पाठीमागे ‘नहीं-दिखा साहब’ म्हणायचे, आणि मी त्यांना गप्प करायच्या ऐवजी त्यांच्याबरोबर हसायचो.

आमचा धंदा रडारचा. विमानांच्या रडारचा नव्हे, जमिनीच्या. चार चाकांची एक बुटकी गाडी, तिच्या पोटात यंत्र, दांड्यावर पडदा. गाडी ढकलत चालायचं; यंत्र खाली लाट सोडतं, ती पाइपला किंवा स्लॅबमधल्या सळईला आपटून परत येते आणि पडद्यावर दोन्ही टोकं खाली वळलेली मिशी उमटते. काका तिला मिशीच म्हणत. ‘मिशा मोज रे,’ हा त्यांचा हुकूम. दिल्लीत ही गाडी घेऊन रस्त्यावर उतरलं की दर दहा पावलांवर एक रिकामटेकडा हटकून विचारायचा, ‘खजाना ढूँढ रहे हो क्या?’ काका न थांबता म्हणत, ‘हाँ जी, आपके दादाजी गाड़ गए थे, बस पर्ची छोड़ना भूल गए।’

केंद्र सरकारच्या एका खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला होता आणि मी त्यांच्याकडे नोकरीला होतो. खाली ऑफिस, वर त्यांचं घर. काकू वरून हाक मारायच्या, ‘अहो, डब्यात तांदूळ आहेत का बघा.’ काका झाकण न काढता डबा हलवून पाहायचे आणि सांगायचे, ‘वाजत नाहीयेत.’ काकू मला म्हणायच्या, ‘बघ रे सुहास! लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. नवी साडी नेसून कशी दिसते विचारलं, तर म्हणतात, बाल्कनीत ये, इथे उजेड बरोबर नाही.’ मी तेव्हा खूप हसलो होतो. त्या बाईची मला कीवही यायची.

खरं सांगायचं तर तेव्हा मला काका डरपोक वाटायचे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस, अंगाशी येईल असं काही लिहायचं नाही हे हाडीमाशी मुरलेलं, असा माझा हिशोब होता. मयूर विहारच्या एका सोसायटीने जुनी सेप्टिक टाकी शोधायला आम्हाला बोलावलं. यमुनेच्या बाजूची ओली चिकणमाती ती. लाट तिच्यात शिरते आणि मीटरभर जाते न जाते तोच मरते. काकांनी लिहून दिलं, ‘एक मीटरपर्यंत टाकी दिसली नाही. त्याखाली आम्हाला दिसत नाही.’ महिन्याभराने तिथेच खड्डा खणताना दोन मीटरवर टाकी लागली. सोसायटीच्या चेअरमनने आम्हाला बोलावून सगळ्यांसमोर आमची यथेच्छ खिल्ली उडवली. मी लाजेने मेलो. काका खड्ड्यात डोकावून म्हणाले, ‘अच्छा, इथे आहे होय! चला, आता दिसली.’ आणि माझ्याकडे वळून, ‘मी नाही म्हटलं नव्हतं.’ त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

दुसरी त्यांची खोड म्हणजे दोनदा चालणं. कुठलीही जागा असो, आधी उभ्या रेघांनी चालायचं, मग त्याच जागेवर आडव्या रेघांनी. याला कारण होतं, नव्हतं असं नाही. पाइपला ओलांडून गेलं तरच मिशी उमटते. त्याच्याच अंगावरून त्याच्याच दिशेने चालत गेलात तर पडद्यावर नुसता सपाट पट्टा येतो आणि तुम्हाला वाटतं, मातीचा थर आहे. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण जूनच्या उन्हात, चपलेचा तळ डांबराला चिकटत असताना, चारशे रेघा चालून झाल्यावर हा मनुष्य छत्रीखालून म्हणणार, ‘हं, आता आडवं,’ तेव्हा ते ज्ञान काय चाटायचंय? बाकीच्या एजन्सी एका दिशेने चालून रंगीत चित्रं देत. लाल, निळं, पिवळं, बघणारा खूश. आमचा रिपोर्ट काळापांढरा, आणि पानापानावर ‘दिसलं नाही’.

एकदा मी चिडून विचारलं, ‘काका, तुम्ही कधी नाही असं लिहिणारच नाही का?’

‘लिहीन की. दोन्हीकडून चालायचं, आणि मग तिथे फोडून बघायचं. डोळ्यांनी. बोट घालून. मग लिहायचं, नाही. रडारला नाही म्हणता येत नाही रे बाबा, त्याला फक्त आहे म्हणता येतं.’

‘पण फोडायला देतो कोण?’

‘म्हणून तर लिहीत नाही.’

गिऱ्हाइकांबद्दल त्यांना कवडीचाही आदर नव्हता. ‘जमिनीखाली काय आहे हे ज्याला ठाऊक नसतं तो बिल्डर,’ ते म्हणत, ‘आणि आपल्याला ठाऊक आहे असं ज्याला वाटतं तो त्याचा आर्किटेक्ट.’ हे ते त्या दोघांच्या समोर म्हणत, मराठीत, चेहऱ्यावर अगदी आदबशीर हसू ठेवून. ते दोघे मान डोलवत. मी मात्र कुणाला मराठी येत असेल या भीतीने घामाघूम व्हायचो.

आता त्या टॉवरचं सांगतो. गुरुग्रामला एका बिल्डरचा उंच टॉवर तयार होता. ताबा द्यायच्या आधी त्याला इमारतीच्या तपासणीचा रिपोर्ट हवा होता. त्याने दिल्लीभरच्या एजन्सी सोडून आम्हाला का बोलावलं, हे त्याच्या प्रोजेक्ट मॅनेजरने मला चहा पिता पिता हसत सांगितलं. ‘आपके अंकल तो कुछ लिखते ही नहीं। हर जगह नहीं दिखा। बढ़िया है, यार।’ निरुपद्रवी म्हातारा म्हणून आमची निवड झाली होती. हे मी काकांना सांगितलं नाही. आणखीही एक गोष्ट सांगितली नाही. त्याच टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला होता.

आई आणि मी अकरा वर्षं मयूर विहारमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. घरमालकाने परवानगी दिल्याशिवाय आईला भिंतीत खिळाही मारता येत नसे. बाबांचा फोटो अकरा वर्षं कपाटाला टेकून उभा होता. नव्या घरातली कुठली भिंत फोटोची, हे तिने नकाशावर पेन्सिलने खूण करून ठेवलं होतं. ताबा दोन महिन्यांवर आला होता.

टॉवरच्या पायथ्याशी पार्किंगची मोठी स्लॅब होती. खाली तळघर, वर गाड्या, आणि तिच्यातून वर चढत गेलेले टॉवरचे खांब. अशा स्लॅबमध्ये खांबांभोवती वरच्या अंगाला सळया दाट घालाव्या लागतात, कारण सगळा भार तिथेच खांबावर उतरतो. त्या कमी पडल्या तर स्लॅब खांबाभोवती फाटून खाली बसू शकते. ड्रॉइंगवर चार-चार इंचांवर एक सळई होती. आम्ही उभे चाललो. मिशा बरोबर भरल्या, चार-चार इंचांवर. मॅनेजर म्हणाला, ‘चलो, हो गया?’ काका म्हणाले, ‘आता आडवं.’ आडवे चाललो, आणि एकाआड एक मिशी गायब. पहिल्या खांबापाशी, दुसऱ्या खांबापाशी, सातव्या खांबापाशी. आठ इंच, आठ इंच, आठ इंच.

‘ओलावा असेल काका,’ मी म्हटलं. ‘दोन-दोन सळया चिकटून बांधल्या असतील, म्हणून वेगळ्या दिसत नसतील.’

‘असतील,’ काका म्हणाले. ‘फोडून बघू.’

मॅनेजर फोडू देणार नाही, असं मी मनात म्हणत होतो. देवाला सांगत होतो म्हणा ना! पण काकांच्या छापील अटींच्या कागदावर सातवी अट होती, गरज पडल्यास तीन ठिकाणी वरचं काँक्रीट काढून बघू दिलं जाईल. मॅनेजरने न वाचता सही केली होती. निरुपद्रवी म्हाताऱ्याच्या अटी कोण वाचतो? छिन्नी लागली, वरचं काँक्रीट उडालं, आणि काका गुडघे टेकून बसले. फूटपट्टी लावली, बोट घातलं. जिथे सळई असायला हवी होती तिथे नुसतं काँक्रीट. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी तेच.

परतताना गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. फ्लॅटचं, आईचं, त्या पेन्सिलच्या खुणेचं. म्हणालो, ‘काका, तुम्ही नेहमी लिहिता तेवढंच लिहा. सळया दिसल्या नाहीत. खोटं काहीच नाही त्यात.’ नऊ वर्षं ज्या दोन शब्दांची मी टिंगल केली, त्याच दोन शब्दांसाठी मी हात जोडले होते. लाज कशाशी खातात हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

काकांनी फूटपट्टीवरची सिमेंटची धूळ पुसली. मग म्हणाले, ‘आई कितव्या मजल्यावर राहणार?’

‘बाराव्या.’

‘मग तूच मोज. मिशा तू मोज, मी बघत नाही.’

ऑफिसात पडद्यासमोर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः पाठ करून खिडकीशी उभे राहिले. मी मोजल्या. परत मोजल्या. आकडा तोच आला, आणि तो मला तोंडाने सांगावा लागला. ‘एका दिशेच्या निम्म्या सळया नाहीत,’ काका स्वतःशी म्हणाले आणि तसंच लिहिलं. आमच्या रिपोर्टावर दोन सह्यांची जागा असे, यंत्र कोणी चालवलं आणि नोंदी कोणी वाचल्या. काकांनी वाचणाऱ्याच्या जागी सही केली. चालवणाऱ्याच्या जागी मी करायची होती. मी म्हटलं, ‘माझी सही नको.’

‘बरं,’ ते म्हणाले, ‘जागा मोकळी ठेवतो.’

पुढे जे झालं ते सांगायला मला आजही आवडत नाही. रिपोर्ट आला तसा ताबा अडकला आणि फ्लॅट घेतलेल्यांचा नुसता तिळपापड झाला. बिल्डरवर? छे! काकांवर. बिल्डरने मोठ्या हुशारीने क्लबहाउसमध्ये सभा बोलावली, काकांनाही बोलावलं. शे-दीडशे माणसं, त्यांतली निम्मी स्वतः इंजिनिअर, आणि ओरडत काय होती? ‘अंकल की मशीन पुरानी है।’ ‘इनको किसी ने भेजा है।’ ज्या स्लॅबवर आपली पोरंबाळं खेळणार, ती नीट आहे का हे सांगायला आलेल्या माणसाला ही शिकलीसवरलेली माणसं चोर ठरवत होती. त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही, कारण मी त्यांच्यातच बसलो होतो, फ्लॅटवाल्यांच्या खुर्च्यांमध्ये. त्यांच्या सेक्रेटरीने मला ओळखलं. म्हणाला, ‘आप तो इसी लाइन में हैं। आप बताइए, रडार पर भरोसा किया जा सकता है?’

मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘रडार से पक्का नहीं कह सकते कि सरिया नहीं है।’

काकांचंच वाक्य, फक्त सळईला सरिया म्हटलेलं. शब्दशः खरं. आणि फोडून पाहिल्याचं मी गिळून टाकलं. टाळ्या पडल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कुतूहलाने, त्या सेप्टिक टाकीच्या खड्ड्यात डोकावले होते तसं. मग उठून म्हणाले, ‘लड़का सही कह रहा है। इसीलिए तोड़ के देखा था।’ पण गोंगाटात ते पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. पुढच्या महिन्यात दुसरी एजन्सी आली, एका दिशेने चालली, रंगीत चित्रं दिली. सगळं उत्तम. ताबा मिळाला, पेढे वाटले गेले. मी काकांची नोकरी सोडली आणि गुरुग्रामच्या एका एसी ऑफिसात रुजू झालो.

आणि मग आमच्या घरी एक मजा सुरू झाली. किल्ली आली, पण आम्ही राहायला जातच नव्हतो. आधी पितृपक्ष आला. मग मुहूर्त नव्हता. मग आईचे गुडघे. मग म्हटलं, तिथली लिफ्ट सारखी बंद पडते. आई पूजेचं सामान बांधून वाट बघत बसलेली. मुहूर्तबिहूर्त न मानणारा मी पंचांगात तोंड खुपसून बसलेला पाहून तिने एक दिवस विचारलं, ‘त्या घरात काय आहे रे, सुहास?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ दीडशे माणसांसमोर मी काकांचा शब्द खोडला होता आणि घरी मुकाट्याने पाळत होतो. माझ्या आईपुरता. बाकीच्यांच्या आया तिथे राहत होत्या, संध्याकाळी त्याच स्लॅबवर बाकं टाकून गप्पा मारत होत्या. माझ्याइतका नीच माणूस त्या अख्ख्या टॉवरमध्ये नव्हता, आणि तसा मी त्या टॉवरमध्ये नव्हतोच!

दीडेक वर्षाने काकूंचा फोन आला. ऑफिस बंद करून दोघं नाशिकला मुलीकडे निघाले होते. जाऊ नये असं शंभरदा वाटलं, तरी गेलो. काका खोकी बांधत होते. रडारची गाडी कोपऱ्यात चादर गुंडाळून ठेवलेली. बसा नाही, चहा नाही.

‘राहायला गेलास?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘अजून गेला नाहीस, की जाणार नाहीस?’

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि परत आत गेल्या.

‘हं,’ काका म्हणाले. ‘म्हणजे सही केलीस की तू. कागदावर तेवढी राहिली.’ आणि एका खोक्यातून त्या रिपोर्टाची ऑफिसची प्रत काढून त्यांनी माझ्या हातात दिली. चालवणाऱ्याची जागा मोकळीच होती. ‘एकच सही असलेला कागद कोण वाचतो? म्हातारं माणूस, पुरानी मशीन.’ ते पुन्हा सुतळी बांधायला लागले. निघताना काकूंनी हातावर साखर ठेवली. काकांनी मान वर केली नाही.

मी गाडीत बसून सही केली आणि तसाच गुरुग्रामला गेलो. सेक्रेटरी तोच होता. सोसायटीच्या ऑफिसात आणखी दोघं-तिघं पदाधिकारी बसले होते. मी कागद पुढे ठेवला, त्याला जोडलेले तीन ठिकाणचे फोटो ठेवले, फूटपट्टी लावलेले. सेक्रेटरीने सही पाहिली, मग मला पाहिलं.

‘पर आप ही ने तो सभा में...’

‘झूठ बोला था।’

‘मतलब, सरिया दिखा नहीं?’

‘है नहीं,’ मी म्हटलं. ‘मशीन मैंने चलाई थी। गिना भी मैंने था। ऊपर से गाड़ियाँ हटवाइए, बाकं हटवाइए, और जहाँ चाहिए वहाँ मेरे सामने तोड़ लीजिए।’ घाईत ‘बाकं’ मराठीतच निघून गेलं, पण त्यांना कळलं. एकाने मला शिवी दिली. दुसऱ्याने माझी कॉलर धरली. बरोबरच होतं ते. सेक्रेटरी मात्र फोटो हातात धरून नुसता उभा होता. त्याची आई आठव्या मजल्यावर होती. त्याच दुपारी त्याने छिन्नीवाला बोलावला. चौथ्या खांबापाशी फोडलं, नवव्यापाशी फोडलं. आठ इंच, आठ इंच. आठवड्याच्या आत तळघरात लोखंडी टेकूंची रांग उभी राहिली, आणि बिल्डरच्या मागे लागायला दीडशे माणसांना शेवटी कंठ फुटला.

मी नाशिकला फोन केला. सगळं सांगितलं, सहीचं, शिवीचं, टेकूंचं. काका मध्ये फक्त एकदा बोलले, ‘सगळ्या खांबांना लागले का?’ लागले, म्हटलं. मग मी थांबलो. कशासाठी थांबलो ते त्यांनाही कळलं असणार.

‘शाबासकी हवीय होय रे तुला?’ ते म्हणाले. ‘फोनवरून नाही मिळायची. येऊन बघतो, टेकू कसे लावलेत ते. मग बोलू.’

तिकीटही काढलं होतं त्यांनी, काकू सांगत होत्या. तारखेच्या सहा दिवस आधी ते गेले.

खांबांचं काम पुरं झालं, त्याला पुढं वर्ष लागलं. आता आई बाराव्या मजल्यावर राहते. बाबांचा फोटो तिने ठरवलेल्या भिंतीवर आहे. मी पुन्हा गाडी ढकलतो, काकांचीच, काकूंनी ती मला पाठवून दिली. आधी उभं, मग आडवं. नवे सहकारी वैतागतात, पाठीमागे मला काहीबाही म्हणतात, म्हणू देत. ती शाबासकी मला मिळाली, असं मी म्हणत नाही. मिळाली नाही, असंही म्हणत नाही.